वरची खाच

बंगलोर
४ डिसेंबर २०००

प्रिय दादामियाँ यांस हिंमतरावचा नमस्कार.

सुखरूप पोचलो. संतोष स्टेशनवर गाडी घेऊन आला होता आणि घर येईपर्यंत त्याने तिचे सगळे गुण सांगितले. मला एवढंच कळलं की तिच्या डिकीत आपल्या गळाच्या काठ्या आडव्या मावणार नाहीत. तसंही काठ्या मी आपल्या होडीवाल्या गेनबाकडेच ठेवून आलोय. इथे चौथ्या मजल्यावर त्या काय वाळत घालायच्या?

पोरगा आणि सून दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. सकाळी आठला घर सोडतात. नातू साई त्याआधीच शाळेच्या बसमध्ये बसतो. मग खिडकी आणि मी. प्रियदर्शनी सून म्हणून फार चांगली आहे, जाताना टीव्हीचा रिमोट माझ्या हाताशी ठेवून जाते.

पहिल्या रविवारी संतोष मला इथल्या एका तलावावर घेऊन गेला, बाबांना पाणी आवडतं म्हणून. भोवती गुळगुळीत फरशी, फरशीवर बूट घालून धावणारी माणसं आणि कठड्याला पाटी, मासे धरण्यास सक्त मनाई. मी अर्धा तास बाकावर बसलो आणि घरी आलो.

बावीस वर्षं आपण दर रविवारी स्वारगेटहून पहिली एसटी पकडून पानशेतच्या पाण्यावर गेलो. अठ्ठ्याहत्तर साली इंदूचं मंगळसूत्र गाठवून घ्यायला तुमच्या दुकानी आलो होतो, गादीमागे उभी केलेली काठी दिसली आणि मंगळसूत्र बाजूलाच राहिलं. इंदू जाईपर्यंत मला त्यावरून बोलत होती. आता रविवार आला की मला कुठे जायचं तेच कळत नाही.

एक सांगायचं होतं. शेवटच्या रविवारचं मनाला लावून घेऊ नका. एवढा मोठा कटला मासा हाताशी येऊन जायचा, असं पाण्यावर होतंच. तुम्ही परतीच्या एसटीत एक शब्द बोलला नाहीत, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

अख्तरभाभींना आणि चिरंजीव अरफातला नमस्कार सांगा.

तुमचा
हिंमतराव

*

रविवार पेठ, पुणे
१७ डिसेंबर २०००

हिंमतरावांना दादामियाँचा सलाम.

पत्र मिळालं. मासे धरायला मनाई असलेला तलाव म्हणजे जेवायला मनाई असलेली खानावळ झाली. त्यापेक्षा खिडकी बरी. तिला निदान पाटी नाही.

मनाला लावून घेऊ नका म्हणता. तुम्ही साखरेच्या लॅबोरेटरीत काम केलेला माणूस, तुम्हाला उसाचा रस कळतो. मला दोरा कळतो. पंचेचाळीस वर्षं मी पटवेकरी म्हणून बसतोय, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बायकांची मंगळसूत्रं, पोती, ठुश्या गाठवतोय. अब्बांनी शिकवलेली पाच वेढ्यांची गाठ आमच्या घरात कुणाची सुटलेली नाही. तीच गाठ मी गळाला मारायचो. बावीस वर्षांत नायलॉनचा तंगूस तुटला, गळ वाकला, काठी मोडली, पण गाठ सुटली नाही. बरोबर ना?

त्या दिवशी सुटली. मासा होडीच्या कडेला आला होता, तुम्ही हातजाळी घेऊन वाकला होतात, उन्हाने मला नीट दिसत नव्हतं, आणि एकदम काठी हलकी झाली. तंगूस तुम्हीच गुंडाळून माझ्या हातात दिलात. टोक मी पाहिलं. वळलेलं होतं, वेढ्यांचा पीळ तसाच्या तसा. तुटलेला दोरा सरळ असतो, हिंमतराव. पीळ राहतो तो सुटलेल्या गाठीचा. एसटीत बोलायला माझ्यापाशी काय होतं?

तुम्ही निघालात तेव्हापासून मी पाण्यावर गेलो नाही. गेनबाला तोंड दाखवायची लाज वाटते. त्याच्या दाराच्या चौकटीवरच्या आपल्या खाचा आठवतात. मी माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत रेशमी दोरा धरायचा, तो दोरा चौकटीवर जमिनीपासून ताठ लावायचा आणि गेनबाने कोयत्याने खाच पाडायची. त्याची बायको सुंदराबाई दर वेळी ओरडायची की घराची चौकट आहे, फूटपट्टी नव्हे. शहाऐंशी सालापासून सर्वांत वरची खाच तुमची. यंदा ती खाली जाणार होती, असं मला क्षणभर वाटलं होतं. जाऊ द्या.

साईला माझ्याकडून दुवा.

दादामियाँ

*

बंगलोर
२ जानेवारी २००१

प्रिय दादामियाँ,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. इथे सोसायटीत गच्चीवर जेवण होतं. प्रत्येकाने उठून आपला छंद सांगायचा होता. मी मासेमारी म्हटल्यावर एका बाईंनी विचारलं, म्हणजे तुम्ही घरी अक्वेरियम ठेवता का? मी हो म्हटलं. एवढ्या लोकांत कोण समजावत बसणार.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. तुम्ही फारच पुढे जाऊन विचार करता. तंगूस जुना होता हे तुम्ही विसरता. नव्याण्णवच्या दिवाळीत लक्ष्मी रोडवरून आणलेला, त्याला वर्ष झालं होतं. नायलॉन उन्हाने गुळगुळीत होतो आणि गुळगुळीत दोऱ्यावर कुणाचीही गाठ सरकेल. शिवाय कटल्याने खाली दगडाला घासून घेतलं असेल. बुडालेल्या गावाची जोती तिथे खाली आहेत हे गेनबानेच आपल्याला दाखवलं होतं. यात तुमचा हात कुठे आला?

पाण्यावर जात चला. मी नाही म्हणून तुम्ही का थांबायचं? अरफातला घेऊन जा.

इथे सगळं ठीक. पाय दुखतात, पण त्याला चौथा मजला कारण नाही, लिफ्ट आहे.

तुमचा
हिंमतराव

*

रविवार पेठ, पुणे
२९ जानेवारी २००१

हिंमतराव, सलाम.

तुम्ही माझी समजूत घालता, यातच तुमची दोस्ती दिसते. पण दोऱ्याच्या बाबतीत पटवेकऱ्याची समजूत घालू नका. दगडाला घासलेला तंगूस खरबरीत होतो, टोकाला पांढरा पडतो. हा पांढरा नव्हता. आणि जुना म्हणाल तर जुन्या नायलॉनवरही मी गाठ थुंकी लावून आवळतो, ती सरकत नाही. म्हणजे आवळताना माझ्या बोटांत जोर नव्हता, किंवा मी एक वेढा कमी घेतला आणि मला कळलंच नाही. यातलं दुसरं असेल तर जास्त वाईट.

अरफातला पाण्यावर घेऊन जा म्हणता. तो मागच्या महिन्यात मित्रांबरोबर स्वतःच जाऊन आला. म्हणे कुण्या कंपनीने सहाशे माणसं बसने आणली होती, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे बनियन, पाण्यावर पळत्या होड्या आणि काठावर गाणी. एका पोराने गेनबाला विचारलं, अंकल, ही होडी किती स्पीडने जाते? गेनबा म्हणाला, "मला वाटंल तेवढ्या."

आता खरी गोष्ट सांगतो. मी मंगळसूत्र गाठवणं बंद केलंय.

पंधरा दिवसांपूर्वी शनिवार पेठेतल्या विजयमालाबाई आल्या. त्यांच्या सासूचं, त्यांचं आणि त्यांच्या दोन्ही मुलींचं मंगळसूत्र मीच गाठवलेलं. आता नातीचं लग्न आहे. मणी, वाट्या, सगळं डबीत घालून आणलं होतं. मी दोरा घेतला, अंगठ्याला लावला आणि पहिल्या गाठीलाच हात थांबला. हिंमतराव, मासा गेला तर पाण्यात जातो. ही गाठ रस्त्यात सुटली तर त्या पोरीच्या मनात काय येईल, घरचे काय बोलतील? पटवेकऱ्यावर विश्वास टाकून बायका सौभाग्य गळ्यात घालतात. मी डबी परत दिली. डोळ्यांचं निमित्त सांगितलं. त्या म्हणाल्या, "मियाँ, मग आम्ही जायचं कुठे? आम्हाला दुसरा कुणी माहीत नाही." मी त्यांना सोनाराकडे पाठवलं. तिथे आता मशीनच्या साखळीत ओवून देतात.

राख्या, गोंडे, घोड्यांच्या माळा एवढंच करतो. अख्तरबानू दुपारचा चहा घेऊन मुद्दाम दुकानात येऊन बसते. पंचेचाळीस वर्षांत ती कधी दुकानात बसली नव्हती.

दादामियाँ

*

बंगलोर
९ फेब्रुवारी २००१

प्रिय दादामियाँ,

पत्र पोचलं. उत्तर लिहायला बसलो आणि दोन कागद फाडले.

एवढंच म्हणतो की डोळे एकदा खरोखरच तपासून घ्या. तुम्ही सहासष्टचे, मी चौसष्टचा. वयाप्रमाणे थोडं मागेपुढे होणारच, त्यात कमीपणा नाही. आयुष्यभर खाली मान घालून बसलात, आता थोडी विश्रांती घेतलीत तर बिघडलं काय? अरफात कमावता आहे. मीही विश्रांतीच घेतोय की.

थोडक्यात आटोपतो. साईच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस आहे, तिकडे जायचंय.

तुमचा
हिंमतराव

*

रविवार पेठ, पुणे
४ मार्च २००१

हिंमतराव, सलाम.

तुमचं पत्र मी आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. खरं सांगतो, आधी राग आला. सगळे म्हणतात दादामियाँचा हात सोन्याचा, बसल्या बसल्या उगीच काय शंका घेता. तुम्ही एकट्यानेच स्पष्ट लिहिलंत की वय झालं. त्या दिवशी होडीत माझ्या शेजारी तुम्ही होता, जे झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. तुम्हीच असं म्हणता तर माझं मन मला फसवत नव्हतं. बरं वाटलं. अशी गोष्ट दोस्तानेच सांगावी.

तेव्हा ठरवलं. दुकान सोडतोय. जागा भाड्याची, मालक केव्हाचा मागे लागलाय. मोबाइल फोन विकणारा एक पोरगा तिथे येणार, काचेची कपाटं करणार. एकतीस मार्चला किल्ली देतो. लगीनसराईच्या आधीच दिलेली बरी, बायका डब्या घेऊन यायला लागल्या की मला नाही म्हणवणार नाही.

अब्बांचा लाकडी चौरंग तेवढा घरी नेईन. बाकी दोऱ्याची रिळं वाटून टाकतो. तुम्हाला काही हवंय का? माशांची लांबी मोजायचा तो तांबडा रेशमी दोरा अजून आहे. आता त्याला काम नाही.

अख्तरबानूने तुम्हाला खास सलाम सांगितलाय. म्हणते, हिंमतरावांमुळे यांचं मन स्थिर झालं.

दादामियाँ

*

बंगलोर
२४ मार्च २००१

दादामियाँ,

हे पत्र वाचण्याआधी किल्ली दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर परत मागा.

तुमची गाठ सुटली नाही. मी तंगूस कापला.

आठवडाभर हेच एक वाक्य लिहीत होतो आणि फाडत होतो. परवा दुपारी तुमच्या घरी फोन केला. अख्तरभाभींनी उचलला. त्यांचा आवाज ऐकल्यावर मी पुण्यात ऊन किती आहे ते विचारलं आणि ठेवून दिला. म्हणून लिहितोय. तोंडाने मी पुन्हा खोटंच बोललो असतो.

आता जसं झालं तसं सांगतो. तुम्ही अर्धा तास त्याला खेळवत होता. मला वाटत होतं पाच-सहा किलोचा रोहू असेल. तो कडेला आला, कुशीवर वळला आणि मी त्याचं वजन नाही पाहिलं, दादामियाँ, लांबी पाहिली. माझ्या माशापेक्षा मोठा होता. मला चौकट दिसली. सर्वांत वरची ती खाच. शहाऐंशीच्या त्या रविवारी इंदू पहिल्यांदा आणि शेवटचीच आपल्याबरोबर आली होती. चौकटीवर दोऱ्याचं वरचं टोक तिने धरलं होतं आणि तिच्या बोटाच्या वर गेनबाने कोयता मारला. बोटाला लागेल म्हणून ती घाबरली होती आणि हसत होती. चार दिवसांनी मी पुणं सोडणार होतो. मांजरीच्या लॅबोरेटरीतली नोकरी संपली होती, घर रिकामं केलं होतं. पुण्यात माझं म्हणून ती एक खाच राहणार होती, आणि ती दुसऱ्या क्रमांकावर जाणार होती.

पण इंदूचं नाव पुढे करून मी सुटणार नाही. मला तुमचा हेवा वाटला, हेच खरं. तुमचं घर, तुमचं दुकान, तुमचा रविवार सगळं तसंच राहणार होतं आणि वर हा मासाही तुमचाच. डाव्या हातात चाकू होता, आधी गुंता कापायला काढलेला. तंगूस इतका ताणलेला होता की कापावंही लागलं नाही, नुसतं पातं टेकवलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी नुसता हलकट ठरलो असतो. काठी हलकी झाल्यावर तुम्ही डोळे मिटून बसला होतात. तंगूस गुंडाळताना टोक पाहिलं, सरळ कापलेलं. दोऱ्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं? तुम्ही बघितलं की ओळखणार. म्हणून ते टोक मी अंगठ्याच्या नखावरून तीनदा ओढलं, बोटाभोवती पाच वेढे घट्ट आवळून धरले आणि मग तुमच्या हातात दिलं. तुमचीच गाठ सुटली असं तुम्हाला वाटावं म्हणून मी वेढेही पाचच घेतले. बावीस वर्षं तुमच्या शेजारी बसून मी एवढं शिकलो होतो.

मग ही पत्रं. जुना तंगूस, दगड, ऊन. तुम्ही एकेक खोडून काढत होता आणि मी नवं कारण शोधत होतो. शेवटी वय झालं असं लिहिलं. तुमचा धंदा बंद पडतोय हे वाचूनही मी ते लिहिलं. कबूल करण्यापेक्षा तुम्ही म्हातारे झालात हे सांगणं मला सोपं गेलं. आणि तुम्ही त्याबद्दल माझे आभार मानलेत. ते पत्र मी प्रियदर्शनीला वाचायला दिलं, कारण एकट्याला ते सहन होईना. तिने सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, मग तुम्ही त्यांना अजून का नाही सांगितलं?"

माफ करा असं लिहायचा मला अधिकार नाही. तरी लिहितो. माफ करा. विजयमालाबाईंची डबी परत मागवा. तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही.

हिंमतराव

*

पुणे
२२ एप्रिल २००१

हिंमतराव,

तुमचं पत्र दोन एप्रिलला सोमवारी मिळालं. किल्ली मी शनिवारी दिली होती.

त्या दिवशीच उत्तर लिहायला घेतलं असतं तर पोस्टमननेही ते तुमच्यापर्यंत पोचवलं नसतं. अख्तरबानूने कागद काढून घेतला. म्हणाली, आधी पाण्यावर जाऊन या. दोन आठवडे माझे पाय निघाले नाहीत. गेल्या रविवारी, पंधरा तारखेला, मी गेलो. पहिली एसटी. तुमच्या खिडकीपाशी एक कानाला फोन लावलेला पोरगा बसला होता, तो डोणजे येईपर्यंत हॅलो हॅलोच करत होता.

पाणी खूप खाली गेलंय. गेनबा होडीला डांबर लावत होता. मी जाऊन शेजारी बसलो. त्याने विचारलं नाही की पाच महिने कुठे होता. मीच म्हटलं, गेनबा, त्या दिवशी माझी गाठ सुटली नव्हती. त्याने ब्रश डब्यात ठेवला आणि म्हणाला, "मला ठावं हाय. सायबांनी चाकू लावला. म्या मागनं वल्हं धरून बसलो हुतो, समदं पायलं."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "जाणाऱ्या माणसाची काय चहाडी करायची? आन तुमाला ठावंच आसंल म्हनलं. दोऱ्याचा मानूस तुमी."

दोऱ्याचा माणूस मी. त्याच्यासमोर मान वर करता येईना.

मग तो मला घरी घेऊन गेला. सुंदराबाईने पाणी दिलं आणि दाराकडे बोट करून म्हणाली की बघा यांनी पुन्हा चौकट खराब केली. तुमच्या खाचेच्या वर चार बोटांवर नवी खाच होती. पाच महिन्यांपूर्वीची, कडा आता काळवंडल्यात. मासा कडेला आला तेव्हा त्याचं तोंड होडीच्या कोणत्या खिळ्यापाशी होतं आणि शेपूट कुठवर, ते गेनबाने बघून ठेवलं होतं. आपण दोघं एसटीत बसलो, आणि त्याने घरी जाऊन होडीवरचं माप चौकटीवर घेतलं. मी तेव्हा लाजेने तिकडे फिरकलो नाही, नाहीतर दुसऱ्याच रविवारी मला दिसली असती. तुम्ही पुण्यात राहिला असता तर तुम्हालाही दिसली असती.

इंदुबाईंची खाच जिथे होती तिथेच आहे. वर दुसरी आली म्हणून खालची काही कुणी बुजवत नाही. हे तुम्हाला त्या होडीत सुचायला हवं होतं.

आता हिशेबाचं नाही, मनातलं लिहितो. मासा तुम्ही घालवलात त्याचा मला राग नाही. तंगूस कापलात त्याचाही एवढा नाही. माणसाच्या हातून होतं. पण नखावरून तीनदा ओढलात, तो राग आहे. आणि फेब्रुवारीचं पत्र. मी रोज दुकानात बसून स्वतःच्या बोटांकडे बघत होतो. चहाचा कप उचलतानाही बघत होतो की थरथरतंय का. अख्तरबानू नमाजात माझ्या हातासाठी दुवा मागत होती. असे चार महिने. ते परत देता येत नाहीत, मला माहीत आहे, तरी मी ते तुमच्याकडून मागतो. तुम्ही माफी मागितलीत. मी ती अजून दिलेली नाही. देईन की नाही, हे आज मला सांगता येणार नाही.

दुकान गेलं ते गेलं. तिथे काचेची कपाटं लागली. शेजारच्या बांगडीवाल्याने पायरीवर मला जागा दिली, अब्बांचा चौरंग तिथे ठेवून बसतो. ऊन आलं की सरकतो. विजयमालाबाईंकडे अरफातला पाठवलं. त्यांनी सोनाराकडचं मंगळसूत्र उसवून मणी परत डबीत घालून आणले. मंगळवारी गाठवून दिलं. पहिल्या गाठीला हात थांबला, हे खोटं सांगत नाही. मग मारली. नंतर ती तीन-चार वेळा ओढून पाहिली. पूर्वी मी कधी ओढून पाहत नव्हतो, आता प्रत्येक गाठ ओढून पाहतो. ही सवय जाईल असं वाटत नाही.

पत्रासोबत पुडीत तांबडा रेशमी दोरा आहे. तोच, मोजायचा. गेनबाच्या चौकटीला लावून दोन गाठी मारल्यात. खालची तुमची, शहाऐंशीची. वरची माझी. दोन्ही पाच वेढ्यांच्या. हाताने सोडवून बघा, दाताने बघा, सुनेला सांगा, साईला सांगा. सुटली तर मला कळवा, म्हणजे तुमचं फेब्रुवारीचं पत्र खरं होतं असं धरीन.

फक्त चाकू लावू नका. तुमची गाठ तुम्ही इथे आलात की पायरीवर बसून मीच सोडवून देईन.

दादामियाँ